चार मण ज्वारी, दोन लुगडी

माझ्या आजोबांच्या मसुद्याच्या वहीत जमिनीपेक्षा ज्वारीच जास्त आहे. वही मोडीत, कापडी पुठ्ठ्याची. पानांच्या कडांना शाईची बोटं पुसलेली. आम्ही वाईचे दस्तलेखक, तीन पिढ्यांचे. आजोबा १९३१ पासून कचेरीबाहेर झाडाच्या पारावर बसायचे, वडील त्याच जागी पत्र्याखाली बसले, आणि मी झेरॉक्सच्या दुकानाशेजारी एका गाळ्यात. लोक आम्हाला बाँड रायटर म्हणतात. माणूस मेल्यावर काय करायचं हे लिहून घ्यायला लोक आमच्याकडे येतात, असा समज आहे. निम्म्या लोकांना खरी काळजी असते ती मरेपर्यंत काय करायचं याची. तोंडाने मात्र मेल्यावरचंच बोलतात.

वहीतलं एक कलम मला तोंडपाठ आहे. बापाने दोन मुलांना जमीन वाटून दिली, त्या वाटणीपत्रातलं. बालबोधीत उतरवतो: “आम्ही उभयतां हयात असेतोपर्यंत तुम्ही दोघां भावांनी मिळून दरसाल सुगीनंतर ज्वारी चार मण, तांदूळ दोन मण, गूळ एक ढेप, लुगडी दोन, चोळ्या दोन, धोतरजोडी एक द्यावी. रोज शेरभर दूध द्यावे. घरापैकी पूर्वेकडील दोन खण, न्हाणी व आडाचे पाणी आमचे वहिवाटीत राहील. आजारपणात औषधपाणी व उठबस तुम्ही करावी. चूल वेगळी करावी लागल्यास सरपण द्यावे. यात कसूर केल्यास त्याचा बोजा सदर जमिनीवर राहील.”

सरपणाची ओळ वाचली की मी दर वेळी थांबतो. सासू-सुनेचं भांडण होईल असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही. कुणाचा अपमान नाही, कुणावर अविश्वास नाही. फक्त भांडण झालंच तर म्हातारी लाकडावाचून अडू नये, एवढी तजवीज. लुगडी दोनच का, तर एक अंगावर, एक वाळत. ज्वारी सुगीनंतरच का, तर तेव्हा मुलाला ‘घरात दाणा नाही’ म्हणता येत नाही. आणि उठबस हा शब्द बघा. पाहुण्यांची उठबस करतात तो अर्थ वेगळा. इथे अर्थ शब्दशः आहे: धरून उठवायचं, धरून बसवायचं, न्हाणीत न्यायचं. आज शहरातल्या एजन्सीज ज्या कामाचे बारा तासांचे पैसे लावतात, ते काम आजोबांनी चार अक्षरांत लिहून जमिनीला बांधलं होतं.

बांधलं होतं ते बोजा या शब्दाने. पोटगीचा बोजा दस्तात लिहिला, त्याची नोंद सातबाऱ्यावर ‘इतर हक्क’ या रकान्यात चढली, की मुलाने जमीन विकली तरी म्हातारा-म्हातारी जमिनीबरोबर घेणाऱ्याच्या गळ्यात पडायची. बोजा माहीत असून जमीन घेणाऱ्याला तो चुकवता येत नाही, हे १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरणाच्या कायद्यातही आहे. आजोबांनी तो कायदा वाचला असेल असं मला वाटत नाही. पण बोजाची जमीन स्वस्तात जाते आणि म्हणून मुलगा ती सहसा विकत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

ही रीत आली कुठून, याचा मी माझ्यापरीने माग काढला. वाईत राहून शास्त्र विचारायला लांब जावं लागत नाही. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी संपादलेलं धर्मकोशाचं व्यवहारकांड इथल्याच प्राज्ञपाठशाळेचं. त्यातून माझ्यासारख्याला कळलं ते इतकंच की आपल्या जुन्या शास्त्रात मृत्युपत्र नावाची चीज नाही. वडिलोपार्जित जमिनीत मुलाचा हक्क जन्मापासून, मग बाप मरताना ती कुणाला देणार? त्याच्या हातात एकच गोष्ट होती, जिवंतपणी वाटणी करायची, आणि ती करताना स्वतःचा वाटा ठेवून घ्यायचा. बाप-लेकांत वाटणी झाली तर आईलाही वाटा. म्हातारपणाची तजवीज मरणाच्या कागदात नव्हती. वाटणीच्या कागदात होती, आणि तिथेच आजोबांनी ती लिहिली.

सरकारदरबारी चालणाऱ्यांची सोय वेगळी. पेशवाईत लढाईत पडलेल्या माणसाच्या पोराबाळांना ‘बालपरवेशी’ म्हणून नेमणूक मिळायची, विद्वानांना आणि निराधार बायकांना वर्षासन. वाईजवळच्या मेणवलीत याचं ठळक उदाहरण आहे. वाड्याचे मालक नाना फडणवीस १८०० साली वारले. मागे राहिलेल्या त्यांच्या पत्नी जिऊबाई तेव्हा पोरसवदा होत्या. नेमणुकीची खटपट अखेर इंग्रजांच्या मध्यस्थीने झाली आणि वर्षाला १२,००० रुपये ठरले. मेणवलीचा घाट बघायला येणाऱ्यांना सिनेमातले प्रसंग आठवतात. मला आठवते ती ही नेमणूक. एवढ्या मोठ्या कारभाऱ्याने राज्याचा पै-पैचा हिशोब ठेवला, पण घरातल्या पोरीचं पुढे काय, हे शेवटी परक्याच्या सहीने ठरलं.

गावगाड्यात सुताराचं, न्हाव्याचं, कुंभाराचं म्हातारपण बलुत्यावर निघायचं. हात थकले की मुलगा काम करी, बलुतं घरात येतच राही. त्याला कागद लागत नसे. ज्याच्याकडे ना जमीन ना बलुतं, त्याचं म्हातारपण आमच्या वहीत सापडत नाही. वही चाळताना हे विसरून चालत नाही. आमच्या धंद्याचा इतिहास हा ज्यांच्याकडे लिहून द्यायला काहीतरी होतं त्यांचाच इतिहास आहे.

मृत्युपत्र आलं इंग्रजी कोर्टांबरोबर. १८७० चा हिंदू विल्स ॲक्ट मुंबई शहराला लागू होता, आम्हा मुफसलवाल्यांना नव्हता. त्यामुळे वाई, कराडकडच्या माणसाने चार जणांदेखत तोंडाने सांगितलं तरी ते मृत्युपत्र धरलं जाई. १ जानेवारी १९२७ पासून ते बंद झालं. त्यानंतर हिंदूचं मृत्युपत्र म्हणजे लेखी, सही किंवा अंगठा केलेलं आणि दोन साक्षीदारांचं. आजोबा सांगायचे, ते धंद्याला बसले तेव्हाही पहिली काही वर्षं लोक तोंडी सांगून झाल्यावर, केवळ कायद्याची खोड म्हणून, त्यांच्याकडे ‘जरा कागदावर घ्या’ म्हणून येत. एकाने तर मुलांच्या नावांच्या जागी ‘सर्वांस ठाऊक आहे’ एवढंच लिहायला सांगितलं होतं.

एक गंमत इथे सांगून टाकतो, कारण बहुतेकांना ती माहीत नसते. मृत्युपत्राला मुद्रांक लागत नाही. कोऱ्या कागदावर चालतं. नोंदणीही सक्तीची नाही. केलीच, तर कचेरीत ते तीन नंबरच्या बुकात जातं आणि लिहिणारा जिवंत असेपर्यंत त्याची नक्कल दुसऱ्या कुणाला मिळत नाही. सुना-मुलं, जावई, राजकारणी, सगळे एक नंबरच्या बुकाची नक्कल काढू शकतात, तीनची नाही. हे सांगितलं की समोर बसलेल्या म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावरचा ताण उतरलेला मी शेकडो वेळा पाहिला आहे.

बायकांचं गाडं मात्र फार दिवस पोटगीच्या दारातच अडलं होतं. एकत्र कुटुंबातल्या विधवेला अन्नवस्त्र आणि राहायला जागा, त्यापलीकडे काही नाही. १९३७ साली मुंबईचे डॉक्टर गो. वि. देशमुख यांच्या प्रयत्नाने कायदा झाला आणि विधवेला मुलाइतका वाटा मिळाला, तोही हयातीपुरता. आणि १९४१ साली फेडरल कोर्टाने सांगितलं की हा कायदा शेतजमिनीला लागू नाही. प्रांतांना त्यासाठी स्वतंत्र कायदे करावे लागले. म्हणजे जिच्याकडे शेतीशिवाय काही नाही तिलाच थांबावं लागलं. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने हयातीपुरता हा शब्द काढून टाकला, बाईला पूर्ण मालकी दिली, मुलीला वारस केलं, आईला पहिल्या वर्गात बसवलं. त्याच कायद्याने एकत्र कुटुंबातल्या पुरुषाला आपल्या हिश्श्याचं मृत्युपत्र करायचीही मुभा दिली. वडिलांच्या पत्र्याखाली गर्दी झाली ती तेव्हापासून. निम्मी गर्दी मुलींना वगळायला आलेली होती, हे त्यांनी मला झाकून ठेवलं नाही.

याच काळात ज्वारी गेली.

वडिलांच्या हातचे साठ-सत्तर सालचे मसुदे काढून बघितले की दिसतं, ‘ज्वारी चार मण’ जाऊन ‘दरमहा रुपये वीस’ आलं. कारण सरळ होतं. मुलं मुंबईला गेली होती. जावळी, पाटण, वाईची माणसं गिरण्यांत आणि गोदीत. जमीन कसायला वाटेकरी, मग मुलगा ज्वारी कुठून देणार? मनीऑर्डर देईल. वडिलांना रुपया हा शब्द सुटसुटीत वाटला. मण-पायलीचं माप गावोगाव निरनिराळं, भांडणाला जागा. रुपया सगळीकडे सारखा. त्यांचा हेतू चांगला होता हे मी आजही म्हणतो.

१९८४ साली मी नुकता धंद्यात शिरलो होतो. एक आजी आल्या. हातात १९६१ चं वाटणीपत्र, प्लास्टिकच्या पिशवीत, घडीवर फाटलेलं. तक्रार अशी की मुलगा दरमहा वीस रुपये पाठवतो. मी म्हटलं, “मग तक्रार कसली? लिहिल्याप्रमाणेच पाठवतोय.” आजी म्हणाल्या, “तेच की. तेवीस वर्षं चुकला नाही.” मनीऑर्डरच्या पावत्या त्यांनी रबर लावून ठेवल्या होत्या, वर्षावर्षाचे गठ्ठे. कलम मोडलं नव्हतं, बोजाला हात लावायला जागा नव्हती. रुपयाने काही फसवलं नव्हतं. तो नुसता बारीक होत गेला होता. आजोबांचा मसुदा असता तर ज्वारीचा भाव शंभरपट वाढला तरी चार मण ते चार मणच राहिले असते. त्या दिवशी घरी जाऊन मी पहिल्यांदा मोडी शिकायला बसलो.

कायद्याचीही हीच गत. १८९८ च्या फौजदारी संहितेत पोटगी मागायची ती बायकोने आणि मुलांनी; आईबापांचं नावच नव्हतं. १९५६ च्या दत्तक व निर्वाह कायद्यात ते आलं, १९७३ च्या संहितेच्या कलम १२५ मध्येही आलं. १९८७ साली सर्वोच्च न्यायालयाने कल्याणच्या एका डॉक्टर मुलीच्या प्रकरणात सांगितलं की लग्न झालेल्या लेकीवरही बापाला पोसण्याची जबाबदारी आहे. निकाल चांगला, आमच्या गाळ्यात त्यावर आठवडाभर वाद चालला. पण १२५ खाली मिळायचे किती? महिन्याला जास्तीत जास्त ५०० रुपये, आणि ती मर्यादा २००१ पर्यंत तशीच. २००७ चा ज्येष्ठ नागरिकांचा कायदा आला, त्यात न्यायाधिकरण, वकिलाची गरज नाही, सगळं छान. निर्वाहाची कमाल रक्कम १०,००० रुपये. पुण्यात त्या पैशात अंथरुणाला खिळलेल्या माणसाजवळ रात्री बसणारी बाईसुद्धा मिळत नाही. गिरणीतून निवृत्त झालेल्यांचं पेन्शन तर विचारू नये. १९९५ च्या योजनेत किमान रक्कम १,००० रुपये ठरली ती २०१४ साली. संसद असो की माझे वडील, रुपयात लिहिणाऱ्यांची चूक एकच.

आता माझी चूक.

२०१५ साली राज्याने राहतं घर किंवा शेतजमीन नवरा-बायको, मुलं, नातवंडांना बक्षीस द्यायचं असेल तर मुद्रांक २०० रुपये केला. दोनशे रुपयांत घर मुलाच्या नावावर! जो तो बक्षीसपत्र करायला निघाला. मी लोकांना सांगायचो, “मृत्युपत्र फाडता येतं, बक्षीसपत्र फाडता येत नाही.” हे आमच्या धंद्यातलं जुनं बोलणं. पण रांग मोठी होती आणि संगणकावर मसुदा तयारच असायचा. नाव बदला, गट नंबर बदला, छापा. त्या छापील मसुद्यात पोटगीचं कलम नव्हतं. मीच काढलं होतं, कारण त्याने दस्त लांबतो आणि कचेरीत प्रश्न विचारतात.

२०१६ च्या उन्हाळ्यात एक बाई आल्या, माझ्या बरोबरीच्या असतील. मुलगा शेजारी उभा, सून बाहेर गाडीत. मी विचारलं, “वहिनी, सांभाळण्याचं काही लिहू का?” मुलाने मान खाली घातली. त्या म्हणाल्या, “आता पोटच्या पोराला काय लिहून मागायचं?” मी हो म्हटलं. आजोबांनी म्हटलं नसतं. त्यांनी सरपण लिहिलं असतं.

पाच वर्षांनी घर विकलं गेलं. वहिनींनी २००७ च्या कायद्याच्या कलम २३ खाली बक्षीसपत्र रद्द करायला अर्ज केला. त्या कलमात असं आहे की सांभाळण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि सांभाळलं नाही, तर ते हस्तांतर फसवणुकीने झालं असं मानून रद्द करता येतं. अट कुठे आहे, असं विचारल्यावर माझाच दस्त पुढे आला. अट नव्हती. अर्ज फेटाळला गेला. पुढच्याच वर्षी, २०२२ मध्ये, दुसऱ्याच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेही हेच म्हटलं: अट असल्याशिवाय कलम २३ लागत नाही. २०२५ च्या जानेवारीत मध्य प्रदेशातल्या एका आईच्या बाजूने निकाल लागला आणि वर्तमानपत्रांनी ‘न सांभाळल्यास घर परत’ असे मथळे दिले. लोक कात्रणं घेऊन माझ्याकडे आले. त्यांना मी सांगितलं, त्या प्रकरणात मुलाने सांभाळण्याचं लिहून दिलं होतं, वेगळ्या कागदावर वचनही दिलं होतं. कागद होता. वहिनींकडे माझा कागद होता, आणि त्यात काही नव्हतं.

त्या आता लेकीकडे असतात. याच लेकीने भावाच्या नावे हक्कसोडपत्र करून दिलं होतं. तेही माझ्याच गाळ्यात, राखीपौर्णिमेच्या आदल्या दिवशी. महाराष्ट्राने १९९४ साली, देशाच्या अकरा वर्षं आधी, मुलीला वडिलोपार्जित इस्टेटीत जन्माने हक्क दिला. आमच्याकडे तेव्हापासून हक्कसोडीचे दस्त वाढले. हक्क सोडणाऱ्या बहिणीच्या घरात आई राहते, ही गोष्ट कुठल्याच नंबरच्या बुकात नोंदली जात नाही.

बँकांची घर उलटं गहाण ठेवून दरमहा पैसे द्यायची योजना २००७ मध्ये आली. मी तिचं पत्रक गाळ्यात लावलं होतं. एकाही माणसाने चौकशी केली नाही. गहाण हा शब्द वाचूनच लोक पुढे जायचे. ज्यांच्या बापाने सावकाराकडून जमीन सोडवलेली त्यांना ‘उलटं’ म्हणून काय पटणार?

मागच्या महिन्यात एक निवृत्त शिक्षिका आल्या. नवरा अर्धांगाने अंथरुणात, मुलगा हिंजवडीला, मुलगी अमेरिकेत. बंगला मुलाला द्यायचा, पण आता नाही, मेल्यावर. मी म्हटलं, “मृत्युपत्र करा. आणि आता देणारच असाल तर अटी घालून.” मुलगा म्हणाला, “काका, आत्ताच करा, कर्जासाठी लागतंय.” मग मी आजोबांची वही काढली.

दोन तास लागले. ज्वारीच्या जागी काय लिहायचं? रुपये लिहायचे नाहीत, एवढं मी ठरवलंच होतं. शेवटी असं लिहिलं: ‘लिहून देणार व त्यांचे पती हयात असेतोपर्यंत दिवसा एक व रात्री एक अशा दोन सेविका, त्या त्या वेळच्या चालू दराने, लिहून घेणार यांनी ठेवाव्यात. औषधे, डायपर, वॉटरबेड व फिजिओथेरपी डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे. तळमजल्यावरील पूर्वेकडील खोली व संडास लिहून देणार यांचे वहिवाटीत राहील. विजेचे बिल लिहून घेणार भरतील. या अटी पाळणे ही या बक्षीसपत्राची पूर्वअट असून कसूर झाल्यास लिहून देणार यांना सदर हस्तांतर रद्द करता येईल, तसेच खर्चाचा बोजा सदर मिळकतीवर राहील.’

बाईंनी चष्मा लावून दोनदा वाचलं. “गॅस लिहा,” म्हणाल्या.

“गॅस?”

“चूल वेगळी झाली तर.”

मुलाने फोन खाली ठेवला. “आई, याचा सगळा हिशोब ठेवणार कोण?”

बाईंनी पर्समधून शाळेची जुनी हजेरीवही काढली, मागच्या कोऱ्या पानावर तारीख टाकली, आणि मला विचारलं, “अंथरूण बदलायला रात्री दोनदा यायचं, हे सेविका या शब्दात आलं का, की वेगळं लिहायचं?”

मी म्हटलं, “त्याला एक जुना शब्द आहे,” आणि उठबस लिहिलं.